फ्रिट्झ लांग : बर्लिनचा रहस्यपटकार

११ मे १९३१ रोजी बर्लिनच्या ‘उफा-पालास्ट आम झू’ या भव्य चित्रपटगृहात एका नव्या जर्मन बोलपटाचा पहिला खेळ झाला. चित्रपटाचे नाव एका अक्षराचे होते, ‘एम’. आरंभीच एका मोठ्या कामगार-वस्तीच्या आवारात मुले रिंगण करून खेळत असतात आणि त्यांच्या तोंडी खुन्याचे गाणे असते. वरच्या मजल्यावर धुणे धुऊन पोट भरणारी एक आई शाळेतून येणाऱ्या लेकीसाठी जेवणाचे पान मांडते. घड्याळ पुढे सरकते. जिन्यावर पावले वाजतात, पण ती इतरांच्या मुलांची असतात. आई जिन्याच्या पोकळीत वाकून हाका मारते. पडद्यावर रिकामा जिना, कपडे वाळत घातलेला निर्मनुष्य माळा आणि टेबलावरचे रिते ताट दिसते. मग झुडपांतून एक चेंडू घरंगळत येऊन थांबतो आणि तारांत अडकलेला फुगा वाऱ्यावर हलत राहतो. खून पडद्यावर दिसतच नाही, तरीही प्रेक्षक तो विसरू शकत नाही.

या चित्रपटाचे दिग्दर्शक फ्रिट्झ लांग त्या वेळी ४० वर्षांचे होते. पुढे अमेरिकेत त्यांनी वीसहून अधिक चित्रपट केले, तरी आपल्या साऱ्या कामात ‘एम’ हाच आपल्याला सर्वांत प्रिय, असे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. या आवडीमागे जसे त्यांच्या कलेचे मर्म आहे, तसेच त्यांच्या आयुष्यातील एक न सुटलेले कोडेही आहे. आणि त्या कोड्याशी बेळगाव भागातून जर्मनीत शिकायला आलेल्या एका मराठी तरुणाचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

लांग यांचा जन्म ५ डिसेंबर १८९० रोजी व्हिएन्नात झाला. वडील आंटोन हे बांधकाम व्यावसायिक होते. आई पाउला जन्माने ज्यू होती. पुढे तिने कॅथलिक धर्म स्वीकारला आणि मुलगाही त्याच धर्मात वाढला. मुलाने आपला व्यवसाय सांभाळावा अशी वडिलांची इच्छा होती. लांग यांनी काही काळ तंत्रशिक्षण घेतलेही, पण त्यांचे मन चित्रकलेकडे ओढ घेत होते. घर सोडून ते हिंडत राहिले आणि पहिले महायुद्ध पेटण्यापूर्वी पॅरिसमध्ये चित्रे काढून दिवस काढत होते. युद्धात ते ऑस्ट्रियाच्या सैन्यात दाखल झाले, रशिया आणि रुमानियाच्या आघाड्यांवर लढले आणि अनेकदा जखमी झाले. रुग्णालयातील सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी चित्रपटकथा लिहायला सुरुवात केली. युद्धाच्या अखेरीस निर्माते एरिख पॉमर यांच्या ‘डेक्ला’ या संस्थेत काम मिळाल्याने ते बर्लिनला आले आणि १९१९ मध्ये दिग्दर्शक झाले. इमारतींची रेखीव जाण आणि चित्रकाराची नजर, या दोन्ही गोष्टी त्यांच्या पडद्यावर शेवटपर्यंत दिसत राहिल्या.

याच सुमारास त्यांची गाठ लेखिका थेआ फॉन हार्बू यांच्याशी पडली. १८८८ मध्ये बव्हेरियात जन्मलेल्या हार्बू तोवर लोकप्रिय कादंबरीकार झाल्या होत्या. १९१८ मध्ये त्यांची ‘भारतीय समाधी’ या अर्थाच्या नावाची कादंबरी आली होती; भारतात पाऊल न ठेवता लिहिलेल्या या कादंबरीत महाराजे, वाघ आणि संगमरवरी महाल यांची रेलचेल होती. लांग आणि हार्बू यांनी मिळून तिची पटकथा रचली. ती आपणच दिग्दर्शित करणार अशी लांग यांची खात्री होती. परंतु निर्माते योए माय यांनी १९२१ मध्ये स्वतःच तो चित्रपट केला. हा सल लांग यांच्या मनात अनेक दशके राहिला.

त्याआधी, सप्टेंबर १९२० मध्ये, लांग यांच्या घरी एक शोकांतिका घडली. त्यांची पहिली पत्नी लिझा रोझेनथाल छातीत गोळी लागून मरण पावली. पिस्तूल लांग यांचे होते. पतीचे हार्बू यांच्याशी असलेले संबंध लिझाला कळले होते, असे चरित्रकार सांगतात. मृत्यू कसा झाला याविषयी लांग यांच्यावर कोणताही आरोप ठेवला गेला नाही. पण संशयाची छाया मात्र कधीच पूर्णपणे सरली नाही. निर्दोष माणसाभोवती पुरावे कसे आवळत जातात आणि दोषी माणसालाही आपली बाजू मांडण्याचा हक्क का असावा, हे प्रश्न त्यांच्या चित्रपटांत पुन्हा पुन्हा येतात. त्यांचे मूळ या घटनेत शोधण्याचा मोह अनेकांना झाला आहे. लांग स्वतः त्याविषयी उघडपणे बोलले नाहीत.

ऑगस्ट १९२२ मध्ये लांग आणि हार्बू विवाहबद्ध झाले. पुढची दहा वर्षे जर्मन चित्रपटाच्या इतिहासात या जोडप्याची म्हणून ओळखली जातात. ‘डेर म्यूडे टोट’ म्हणजे ‘थकलेला मृत्यू’ (१९२१) हा त्यांचा पहिला मोठा विजय. प्रियकराचे प्राण परत मागणाऱ्या तरुणीला मृत्यू तीन मेणबत्त्या दाखवतो. तीन देशांत, तीन काळांत तिने एक जरी ज्योत विझू दिली नाही तरी प्रियकर तिला परत मिळणार असतो. ज्योत विझणार हे प्रेक्षकाला जाणवत असते आणि तरीही तो श्वास रोखून बसतो. १९२२ चा ‘डॉ. माबूझ’ हा दोन भागांचा चित्रपट तर त्या काळच्या जर्मनीचा आरसाच होता. चलनाची घसरण चालू होती, जुगाराचे अड्डे फोफावले होते, आणि अशा समाजात वेष पालटून, संमोहनाने माणसे खेळवणारा एक गुन्हेगार शेअर बाजारापासून रात्रीच्या क्लबांपर्यंत सगळीकडे आपले जाळे पसरतो. ही भूमिका रुडॉल्फ क्लाइन-रोग्गे यांनी केली होती. ते हार्बू यांचे पहिले पती. त्या वेळच्या बर्लिनच्या चित्रसृष्टीत अशा गोष्टींचे कुणाला फारसे नवल वाटत नसे.

१९२४ मध्ये ‘डी निबेलुंगेन’ हे महाकाव्य पडद्यावर आले आणि त्यानंतर ‘मेट्रोपोलिस’. या चित्रपटाची कल्पना आपल्याला न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती बोटीवरून पहिल्यांदा पाहताना सुचली, असे लांग सांगत. प्रत्यक्षात त्या प्रवासापूर्वीच पटकथेचे काम सुरू झाले होते. पॉट्सडामजवळच्या बाबेल्सबेर्ग येथील स्टुडिओत दीड वर्षाच्या आसपास चित्रीकरण चालले आणि खर्च ५० लाख राइखमार्कांच्या वर गेला. १० जानेवारी १९२७ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला; उत्पन्न बेताचेच मिळाले. आधीच कर्जात असलेली ‘उफा’ कंपनी आणखी खोल गेली आणि चित्रपटाची निर्दयपणे काटछाट झाली. हरवलेला बराचसा भाग २००८ मध्ये अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्सच्या एका संग्रहालयात सापडला आणि २०१० च्या बर्लिन महोत्सवात, ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी उभ्या राहिलेल्या गर्दीसमोरही, तो जवळजवळ पूर्ण रूपात पुन्हा दाखवला गेला.

‘मेट्रोपोलिस’ची कीर्ती मोठी असली, तरी रहस्यपटाच्या चाहत्यांना १९२८ चा ‘श्पिओने’ म्हणजे ‘हेर’ अधिक जवळचा वाटतो. बँकेच्या आड दडलेला हेरांचा सूत्रधार, चोरीला गेलेला करार, प्रेमात पडलेली शत्रूची हस्तक, आगगाडीचा अपघात, ही सारी सामग्री पुढील अर्धशतक जगभरच्या हेरपटांना पुरली. त्याच्या पुढच्याच वर्षीच्या ‘फ्राऊ इम मोंड’ म्हणजे ‘चंद्रावरील स्त्री’ या चित्रपटात अग्निबाण सुटण्यापूर्वी उलटी गणती होते. एकापासून पुढे मोजत गेले तर कुठे थांबायचे हे प्रेक्षकाला कळणार नाही. उलट मोजत शून्यावर आले की क्षण नेमका कळतो आणि म्हणूनच ताण वाढतो, असा त्यामागचा साधा हिशेब होता. धक्का आणि उत्कंठा यांतला फरक लांग यांना असा गणिताइतका स्वच्छ दिसत असे.

१९२४ मध्ये बाबेल्सबेर्गच्या याच परिसरात एक तरुण इंग्रज कलादिग्दर्शक काम शिकत होता. त्याचे नाव आल्फ्रेड हिचकॉक. तेथे त्याने एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचे चित्रीकरण जवळून पाहिले आणि लांग यांच्या ‘थकलेला मृत्यू’चा प्रभावही मोकळेपणाने मान्य केला. पुढे समीक्षक अमेरिकेतील लांग यांची तुलना हिचकॉकशी करू लागले, तेव्हा या ऋणाची आठवण फार थोड्यांना राहिली होती.

‘एम’ हा लांग यांचा पहिला बोलपट. त्या काळी ड्युसेलडॉर्फ शहर पेटर क्युर्टेन या खुन्याच्या दहशतीतून नुकतेच बाहेर पडत होते. लांग आणि हार्बू यांनी पोलिसांच्या कामाची बारकाईने माहिती घेतली आणि पटकथा सिद्ध केली. आवाज हाती आला म्हणून लांग यांनी पडदा संवादांनी भरून टाकला नाही. चित्रपटात कित्येक क्षण पूर्ण शांतता आहे आणि त्या शांततेत खुनी माणसाची शीळ ऐकू येते. ग्रीग या संगीतकाराच्या एका परिचित रचनेची ती धून आहे. नायक पेटर लोरे यांना शीळ घालता येत नव्हती, म्हणून ती स्वतः लांग यांनी घातली, असे सांगितले जाते. त्या शिळेवरूनच एक आंधळा फुगेवाला खुन्याला ओळखतो आणि कुणीतरी तळहातावर खडूने काढलेले ‘एम’ हे अक्षर त्याच्या कोटावर उमटवते. जर्मन भाषेत खुनी या शब्दाचे ते आद्याक्षर आहे.

चित्रपटाची खरी ताकद मात्र पुढे आहे. पोलिसांच्या धाडींमुळे धंदा बुडू लागल्यावर शहरातले चोर आणि दरोडेखोरच खुन्याला पकडायचे ठरवतात. पोलिसांची बैठक आणि गुन्हेगारांची बैठक लांग एकमेकांत अशी गुंफतात, की एका खोलीत सुरू झालेला हातवारा दुसऱ्या खोलीत पूर्ण होतो. अखेर एका बंद पडलेल्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यात गुन्हेगारांचे न्यायालय भरते. तोवर प्रेक्षकही खुन्याच्या रक्ताला तहानलेला असतो. तेवढ्यात तो गुबगुबीत, घामेजलेला माणूस गुडघे टेकून आक्रोश करतो, की आपल्या आत जे आहे त्यापासून आपल्याला पळता येत नाही. जमाव हसतो, ओरडतो, त्याला मारून टाका म्हणतो. ज्याच्या बाजूने उभे राहणे सर्वांत कठीण, त्याच्याही वाट्याला कायदा यावा का, हा प्रश्न लांग आणि हार्बू प्रेक्षकासमोर ठेवतात. हिटलर सत्तेवर येण्याला तेव्हा दोन वर्षेही उरली नव्हती.

पडद्यामागे त्यांचा संसार मात्र विस्कटत चालला होता. लांग यांचे अभिनेत्री गेर्डा माउरुस यांच्याशी असलेले प्रेम बर्लिनमध्ये सर्वश्रुत होते. हार्बू यांच्या आयुष्यात याच सुमारास आयी गणपत तेंडुलकर आले. युरोपात उच्च शिक्षणासाठी आलेले तेंडुलकर जर्मन भाषेत लेखन करत, बर्लिनच्या वृत्तपत्रसृष्टीत वावरत आणि हार्बू यांच्यापेक्षा वयाने बरेच लहान होते. ज्या भारताचे हार्बू यांनी नुसत्या कल्पनेने कागदावर चित्र रेखाटले होते, त्याच देशातला हाडामांसाचा, राजकीय दृष्ट्या जागा असा एक मराठी माणूस त्यांच्यासमोर होता. लांग यांना हे कळल्यावर पती-पत्नी विभक्त झाले आणि एप्रिल १९३३ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. त्यानंतर हार्बू आणि तेंडुलकर यांनी गुप्तपणे विवाह केल्याचे सांगितले जाते. नव्या राजवटीत एका नामवंत जर्मन लेखिकेने भारतीयाशी उघडपणे लग्न करणे धोक्याचे होते.

याच महिन्यांत लांग यांच्या आयुष्यातली सर्वांत गाजलेली गोष्ट घडली, किंवा घडली असे ते सांगत. त्यांच्या ‘डॉ. माबूझचे मृत्युपत्र’ या चित्रपटात वेड्यांच्या इस्पितळातील एक गुन्हेगार दहशतीच्या राज्याच्या योजना लिहीत असतो. मार्च १९३३ च्या अखेरीस नाझी सरकारने या चित्रपटावर बंदी घातली. लांग यांच्या कथनानुसार प्रचारमंत्री गोबेल्सने त्यांना बोलावले आणि बंदीविषयी चकार शब्द न काढता जर्मन चित्रपटसृष्टीची सूत्रे देऊ केली. आईच्या ज्यू कुळाचा उल्लेखही त्याने उडवून लावला. लांग यांची नजर खिडकीबाहेरच्या घड्याळाकडे होती. बँक बंद होण्याची वेळ टळत होती. त्याच रात्री पैसे न काढता, हाती लागले तेवढे घेऊन त्यांनी पॅरिसची गाडी पकडली.

घड्याळ, बंद होणारी बँक, रात्रीची गाडी, हा सारा प्रसंग एखाद्या पटकथेतून उचलल्यासारखा वाटतो. लांग यांचे पारपत्र आज बर्लिनच्या ‘डॉयचे किनेमाटेक’ या संग्रहालयाकडे आहे. त्यावरील शिक्के दाखवतात, की त्या वसंतात आणि उन्हाळ्यात ते अनेकदा देशाबाहेर गेले आणि परत आले. शेवटचे प्रयाण जुलैअखेरीचे आहे. मधल्या काळात त्यांनी परकीय चलनही रीतसर घेतले होते. गोबेल्सच्या रोजनिशीत अशा भेटीची नोंद नाही. म्हणजे पलायन एका रात्रीत झाले नाही. ते काही महिने चाचपडत, व्यवहार उरकत, मन तयार करत झाले. ज्याने परदेशी जाण्याचा निर्णय कधी घेतला आहे, त्याला ही दुसरी, संथ गोष्टच अधिक खरी वाटेल. लांग यांना ती सांगावीशी वाटली नाही. त्यांनी देश सोडला हे मात्र खरे, आणि त्यासाठी त्यांनी कीर्ती, घर आणि मातृभाषेतले काम गमावले हेही खरे.

पॅरिसमध्ये ‘लिलिओम’ हा एक चित्रपट करून ते १९३४ च्या जूनमध्ये अमेरिकेला गेले. इंग्रजी सुधारत, वर्तमानपत्रे वाचत त्यांनी दोन वर्षे काढली आणि १९३६ मध्ये ‘फ्युरी’ आला. त्यात एका निरपराध माणसाला जमाव तुरुंगासकट जाळायला निघतो. तो वाचतो, आणि मग जमावातील माणसांना फाशी व्हावी म्हणून स्वतः मेल्याचे सोंग घेतो. ‘एम’चाच प्रश्न त्यांनी येथे उलट बाजूने विचारला होता. त्यानंतरचे ‘यू ओन्ली लिव्ह वन्स’, ‘द वुमन इन द विंडो’, ‘स्कार्लेट स्ट्रीट’ आणि १९५३ चा ‘द बिग हीट’ हे रहस्यपट आज अभ्यासक्रमांत शिकवले जातात. युद्धकाळात त्यांनी नाझीविरोधी चित्रपटही केले. प्रागमधील हायड्रिखच्या हत्येवरील ‘हँगमेन ऑल्सो डाय’साठी नाटककार बेर्टोल्ट ब्रेश्ट त्यांच्याबरोबर होते. कामाच्या ठिकाणी मात्र लांग कठोर आणि हेकेखोर म्हणून कुप्रसिद्ध होते. जमावाच्या जुलमावर चित्रपट करणारा हा माणूस कलावंतांना जुलमी वाटे, हे त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे.

इकडे जर्मनीत ‘एम’वर बंदी आली. लोरे ज्यू होते. तेही देश सोडून गेले. त्याच चित्रपटात गुन्हेगारांच्या न्यायालयाचा प्रमुख झालेले गुस्टाफ ग्रुंडगेन्स मात्र नव्या राजवटीत मोठ्या पदांवर चढले. १९४० मध्ये ज्यूंविरुद्ध विष पसरवणारा ‘डेर एविगे युडे’ हा प्रचारपट निघाला, तेव्हा त्यात लोरे यांचा तो गुडघ्यांवरचा आक्रोश वापरण्यात आला. दयेची याचना करणारे दृश्यच द्वेषाचा पुरावा म्हणून दाखवले गेले.

आणि ते दृश्य लिहिण्यात जिचा वाटा होता, ती लेखिका जर्मनीतच राहिली. हार्बू नाझी पक्षाच्या सदस्य झाल्या आणि सरकारमान्य चित्रसृष्टीत लिहीत राहिल्या. बर्लिनमधील भारतीय विद्यार्थ्यांना त्यांनी आधार दिला, याच्याही आठवणी आहेत. तेंडुलकर महायुद्धाच्या सुमारास भारतात परतले. ब्रिटिश सरकारने त्यांना तुरुंगात टाकले; सुटकेनंतर १९४५ मध्ये सेवाग्राम येथे गांधीजींच्या उपस्थितीत इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या कन्येने पुढे आई-वडिलांवर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकात हार्बू यांनाही जागा दिली आहे. युद्ध संपल्यावर हार्बू यांना ब्रिटिशांनी काही काळ स्थानबद्ध केले आणि नंतर त्यांनी उद्ध्वस्त बर्लिनमध्ये ढिगारे उपसण्याचे काम केले. १९५४ च्या उन्हाळ्यात ‘थकलेला मृत्यू’च्या खेळासाठी त्यांना सन्मानाने बोलावले होते. तेथून बाहेर पडताना त्या पडल्या आणि काही दिवसांतच, १ जुलै रोजी, मरण पावल्या.

लांग जर्मनीत परतले ते १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात. निर्माते आर्टुर ब्राउनर यांनी त्यांच्यापुढे नेमकी तीच जुनी ‘भारतीय समाधी’ ठेवली. तारुण्यात हातचे गेलेले काम त्यांनी उदयपूरच्या महालांत आणि बर्लिनच्या स्टुडिओत पूर्ण केले. १९५९ मध्ये त्याचे दोन भाग प्रदर्शित झाले. प्रेक्षकांनी गर्दी केली, पण समीक्षकांनी ते जुनाट ठरवून झोडपले. १९६० मध्ये ‘डॉ. माबूझचे सहस्र डोळे’ आला. नाझी काळात बांधलेल्या हॉटेलातील छुप्या कॅमेऱ्यांची ही कथा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरली. त्यानंतर दृष्टी अधू होत गेली. १९६३ मध्ये जाँ-लुक गोदार यांच्या ‘ले मेप्री’मध्ये त्यांनी स्वतःचीच, वृद्ध दिग्दर्शकाची, भूमिका केली. त्यात कुणीतरी त्यांच्या एका अमेरिकी चित्रपटाची स्तुती करतो आणि ते शांतपणे सांगतात, की आपल्याला ‘एम’ अधिक आवडतो. २ ऑगस्ट १९७६ रोजी बेव्हर्ली हिल्स येथे, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

‘एम’च्या शेवटी कायद्याचे न्यायालय भरते. न्यायाधीश जनतेच्या नावाने निकाल सांगू लागतात आणि तेवढ्यात दृश्य बदलते; शिक्षा काय झाली हे प्रेक्षकाला ऐकायला मिळत नाही. बाकावर काळ्या कपड्यांतल्या तीन आया बसलेल्या असतात. त्यांपैकी एक, पहिल्या दृश्यात पान मांडून वाट पाहणारी, एवढेच बोलते की याने मुले परत येणार नाहीत, आपणच त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवे. १९३१ च्या बर्लिनमध्ये हे ऐकून लोक घरी गेले.